मढ्यावरचं लुगडं

माझ्या लेकीच्या अंगावरचा परकर शाळेच्या पडद्यामागं उतरवला. सगळ्या पोरींच्या देखत. उतरवायला लावणारी बाई त्याला हात लावायला तयार नव्हती. लांब उभी राहून नुसतं बोट करत होती.

"काढ. आधी काढ तो. काढ म्हणते ना!"

सुजाता, माझी थोरली, तेव्हा तिसरीत होती. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. दुपारची वेळ. पटांगणात मांडव, कर्ण्यावर गाणी. तिसरीच्या पोरींचं स्वागतगीत होतं आणि वर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं, प्रत्येकीनं काठाचा परकर घालून यायचं. तो मी शिवला होता. हातानं, मशीन कुठलं आलंय. हिरवं रेशमी लुगडं आणि त्याला रुंद लाल काठ. लुगड्याचा पन्ना मोठा, पोर लहान. पण काठ कापायला माझा हात धजला नाही. सगळी शोभा त्या काठातच होती. म्हणून घेराला खाली तो तसाच ठेवला. तिथंच मी फसले.

त्या बाईंना अख्खी सोसायटी वहिनी म्हणायची. त्यांची गौरी सुजाच्या वर्गात होती. पोरींना गजरे माळायला म्हणून त्या पडद्यामागं आल्या होत्या. मी पण तिथंच होते, सुजाची वेणी घालत. वहिनी गजरा घेऊन आमच्यापाशी आल्या, वाकल्या, आणि वाकलेल्या तशाच राहिल्या. काठाकडं बघत. काठाला एका जागी रफू केलेलं होतं. बारीक, सुबक. मला वाटलं होतं, ते कुणाच्या डोळ्यात यायचं नाही.

"हे रफू माझ्या हातचं आहे," त्या म्हणाल्या. आवाज आधी अगदी बारीक. "हे सासूबाईंचं लुगडं आहे. त्यांच्या आवडीचं. जाताना मी माझ्या हातानं अंगावर घातलंय त्यांच्या."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला त्या ओळखत नव्हत्या. शेजारची कुणीतरी म्हणाली, "ही स्मशानातली. गेटापाशी राहतात ना, ती."

मग आवाज चढला. "अगं बाई गं! मढ्यावरचं कापड पोरीला घातलंय! आणि आमच्या गौरीच्या हातात हात घालून नाचणार होती ही!"

पोरी मागं सरकल्या. गौरीनं आपला हात स्वतःच्या परकराला पुसला. हात पुस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं. वहिनी, हे लुगडं तुमच्याच मालकांनी आमच्या हातात दिलं. घ्या, तुमचंच आहे, असं म्हणाले. आम्ही चोरलं नाही. एवढंच बोलायचं होतं. बायका कुठं जातात स्मशानात? वहिनींना बिचारीला वाटत होतं, लुगडं सासूबरोबर गेलं. खरं काय ते सांगणारी मी तिथं एकटीच होते. आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"कार्टीनं न विचारता घातला, बाई. मला ठाऊकच नव्हतं."

आणि मी सुजाच्या थोबाडीत मारली. फाडकन.

पोर रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं स्वतःच नाडी सोडली. परकर पायाशी पडला. वर पोलकं, खाली चड्डी, केसात निम्मी वेणी. वर्गाच्या बाई म्हणत होत्या, "असू द्या, असू द्या, कार्यक्रम सुरू होतोय." शिपायानं काठीच्या टोकानं परकर उचलला आणि भिंतीपलीकडं टाकला. मी पदर सोडला, पोरीभोवती गुंडाळला आणि चालायला लागले. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा मागं स्वागतगीत सुरू झालं. सुजाला ते सगळं पाठ होतं. तिचे ओठ हलत होते.

हाच तो हात. उजवा. भाकरी थापते ना मी, तेव्हा अजून कधीकधी त्याच्याकडं लक्ष जातं आणि भाकरी बिघडते.

आम्ही मराठवाड्यातले. दुष्काळात गाव सुटलं ते इकडं आलो. हे नवं शहर तेव्हा नुसतं आखत होते. खाडीच्या कडेला मुरूम टाकायचे, रस्ते काढायचे, खांब रोवायचे, आणि एक दिवस तिथं चार मजली इमारत उभी दिसायची. त्या रस्त्यांना लागणारी खडी आम्ही फोडली. मी आणि सुजाचे बाबा. दगडाच्या खाणीत बरीच वर्षं गेली. धुळीनं त्यांची छाती धरली. रक्त पडलं तेव्हा खाणीतला मुकादम म्हणाला, आता दुसरं काहीतरी बघ बाबा.

तेवढ्यात कळलं, कोपरखैरण्याच्या बाजूला नवीन सेक्टरचं स्मशान बांधून झालंय. चालवायला ठेकेदार नेमलाय, त्याला माणूस पाहिजे. कामाबरोबर राहायला खोली.

खोली! विटांची. दाराला कडी, दाराशी नळ. झोपडीत पावसाळे काढलेल्या बाईला विचारा, खोली म्हणजे काय ते.

जागा खाडीलगत. पलीकडं तिवराची झाडं, अलीकडं भराव. पत्र्याच्या शेडखाली सरणाचे दोन ओटे, लाकडांची वखार, पाण्याची टाकी, माणसं बसायला बाकडी. फाटकावर नवीकोरी पाटी. ठेकेदारानं सगळं फिरून दाखवलं, मोठ्या हौसेनं. इकडं गुलमोहर लावणार, म्हणाला, तिकडं कारंजं. आणि मग कामाचं बोलला.

"पगार जरा कमी हाय. पण वरचं सगळं तुमचं. मढ्यावरचं कापड, तिरडीचे बांबू, उरलेलं लाकूड. फुकट भेटतंय. आणखी काय पाहिजे?"

सुजाच्या बाबांनी मान हलवली. मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होते. कडी वाजवून बघत होते. मी सगळं ऐकलं. ऐकलंच नाही असं म्हणायला मला जागा नाही.

कारण मढ्यावरचं कापड म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

आमच्या गावात कुणाच्या घरी मयत झाली की गावोगाव सांगावा आमच्या वस्तीनं पोचवायचा. उन्हात, पावसात, पायी. सरणाची लाकडं आमच्या वस्तीनं फोडायची. आणि त्याबद्दल मिळायचं काय, तर मढ्यावरचं कापड. त्याला हक्क म्हणायचे. हक्क! लोक धम्मात आले त्या काळात माझ्या बापानं आणि आणखी काहीजणांनी हे बंद केलं. गावाला सांगून बंद केलं. गावानं दुकान बंद केलं, कामं बंद केली, वाट बंद केली. बा मागं सरला नाही. त्यानं वस्तीतल्या घराघरातून तसली कापडं गोळा केली आणि शिवेवर नेऊन पेटवली. माझ्या आईचं एकुलतं एक धड लुगडं त्यात गेलं.

मी तेव्हा एवढीशी. माझ्या अंगात एक झबलं होतं. तेही तसल्याच कापडाचं. बानं ते माझ्या अंगातून काढलं आणि आगीत टाकलं. मी भोकाड पसरलं. थंडी होती. त्यानं मला तशीच उघडी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "उघडी राहील माझी लेक. हे घालणार न्हाई."

तर असं आहे. माझ्याही अंगावरचं उतरवलं होतं, माझ्या लेकीच्याही. माझं कुणी उतरवलं आणि तिचं कुणी, हे बघा म्हणजे मी काय करून बसले ते कळेल.

सुरुवातीला मी त्या कापडांना शिवतसुद्धा नव्हते. बोहारीण यायची, तिला द्यायचे, स्टीलची भांडी घ्यायचे. मग एकदा सरसकट धुऊन टाकली. खळखळत्या पाण्यात, सोडा घालून. वाळत घातल्यावर बघते तर काय, कसली कसली लुगडी! मऊसूत. आयुष्यात अंगाला लागली नव्हती तसली. मोठ्या घरातल्या बायका आपल्या माणसाला निरोप देताना चांगलंच घालतात की. आमच्याकडच्या बायकांचा हात गोधडीवर बसलेला. सुई घेतली आणि बसले. माझ्या मनाला मी समजावलं, कापड ते कापड, धुतलं की झालं. असं समजावत समजावत एक गोधडी झाली, मग दुसरी झाली. लाज मेली की हात भराभर चालतो बघा.

आमच्याबरोबर कामाला पांडूदादा होता. इथलाच, खाडीवरच्या गावातला. ज्या जमिनीवर स्मशान उभं राहिलं ती त्याचीच. आधी तिथं मिठागर होतं त्यांचं. कुदळ मारता मारता म्हणायचा, "माज्याच जमिनीवर मी चाकर. जमीन घेतली तवा पन असाच सांगितला व्हता, तुमचाच फायदा हाय." आणि हसायचा. कापडाचा वाटा तोही घ्यायचा.

त्या हिवाळ्यात बा आला. आई गेलेली, माझ्या भावाकडं राहायचा, खोकला धरलेला. मी बोलावून घेतला, म्हणलं इथं दवाखाना आहे, चार दिवस राहा. आम्ही स्मशानात राहतो हे बघून तोंड फिरवील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ओटे बघितले, वखार बघितली. म्हणाला, "काम कसलं का असंना. करायचं अन् पगार घ्यायचा. त्यात कमीपणा न्हाई." मग विचारलं, "बाई, मढ्यावरचं कापड घेता का?"

"न्हाई बा," मी म्हणलं. "इथं तसलं काही नसतं. नवं शहर हाय."

किती सरळ तोंडानं बोलले! आणि संध्याकाळी गार वारं सुटल्यावर त्याच्या अंगावर गोधडी घातली. डोळ्यात मोतीबिंदू, त्याला धड दिसायचं नाही. हात फिरवून म्हणाला, "लई मऊ हाय गं माय. कुठून आणलीस इतकी लुगडी?" मी म्हणलं, सोसायटीतल्या बायका देतात जुनी. बा खूश झाला. म्हणाला, चांगली माणसं दिसत्यात.

संमेलनातनं मी पोरीला पदरात गुंडाळून आणलं तेव्हा बा दारापुढं उन्हात बाजेवर बसला होता. पायावर गोधडी. सुजा पदरातनं सुटली आणि त्याच्या बाजूला जाऊन बसली. माझ्याकडं पाठ करून.

"नाच झाला का गं सुजे?" बानं विचारलं.

मी तिच्यासाठी फ्रॉक आणायला आत वळले तर मागून आवाज आला. "आई, मी कधी घातला न विचारता? तूच तर शिवलास. तूच नेसवलास."

"काय शिवलं?" बा म्हणाला.

आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. मी त्याच्या पायाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. परकर कशाचा होता ते. मी पोरीला मारलं ते. तिच्यावर ढकललं ते. बा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा हात गोधडीवरनं फिरायला लागला. एका तुकड्यावरनं दुसऱ्या तुकड्यावर.

"अन् ही?" त्यानं विचारलं.

देवा शप्पथ म्हणायची सवय आमच्यात नाही, नाहीतर मी काय काय म्हणले असते. मी म्हणलं, "ही पण, बा."

बानं पायावरची गोधडी काढली. फेकली नाही. नीट घडी घातली आणि बाजेच्या खाली ठेवली. मग म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं म्हणून मी निजलो. तुला ठाऊक होतं."

एवढंच. मला वाटलं, चार शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपली पिशवी भरली. सुजाच्या बाबांनी गाडीत बसवून दिलं. निघताना सुजाच्या डोक्यावर हात ठेवला त्यानं, माझ्याकडं बघितलं नाही. थंडी होती आणि अंगावर त्याचं आपलं एक विटकं धोतर. मी माझी शाल पुढं केली. विकतची होती ती, खाणीत असताना घेतलेली. तीही त्यानं घेतली नाही. आता माझ्या घरातलं कुठलं कापड कशाचं, हे त्यानं कसं ओळखावं?

सुजा शाळेत जाईना. चिंचेच्या गोळ्या देऊन बघितल्या, रागावून बघितलं. शेवटी बोलली, "तू बाईंना सांग. वर्गात सगळ्यांसमोर सांग, मी घेतला नाही म्हणून. मग जाते."

तेवढंच मागणं पोरीचं. आणि मला ते जमेना. वर्गात उभं राहून सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं, की आम्ही मढ्यावरचं घेतो. आणि उद्या फाटकातनं तिरडी आली की परत घ्यायचंच असेल, तर आज सांगायचं ते काय म्हणून? सुजाच्या बाबांशी बोलले तर ते चिडले. "म्हाताऱ्याच्या नादानं खोली घालवतेस का? माझी छाती बघ. परत दगड फोडू? पोरगी विसरंल चार दिवसात."

त्यांचं काही चूक होतं असं नाही. मीही त्यांना हेच सांगितलं असतं. पण पोरगी विसरत नव्हती. माझ्या हातचं जेवायची, ताट घासून ठेवायची, आणि मी वेणी घालायला बोलावलं की म्हणायची, माझी मी घालते. तिला येत नव्हती घालता. वाकडी तिकडी घालायची आणि हिंडायची. दिवसभर ती वाकडी वेणी माझ्या डोळ्यापुढं.

आणि मग एक मयत आली. सोसायटीतल्याच एक म्हाताऱ्या बाई. मोठं घर, गाड्या भरून माणसं. म्हणून ठेकेदार पण हजर, पांढरे कपडे घालून. वहिनींचे मालकही होते माणसांत, शेजारी म्हणून आलेले. दुपारची वेळ होती. मी खोलीच्या खिडकीतनं बघत होते. सुजा माझ्या मागं उभी.

सरण रचून झालं. तिरडी वर ठेवली. म्हातारीच्या अंगावर नातेवाइकांनी घातलेली लुगडी, एकावर एक. मुलगा डोळे पुसत एकेक उचलत होता. रिवाजच आहे तसा, अग्नी द्यायच्या आधी काढतात. सगळी गोळा केली आणि सुजाच्या बाबांच्या पुढं धरली. चेहऱ्याकडं न बघता.

"घ्या. तुमचं."

सुजाच्या बाबांनी दोन्ही हात पुढं केले.

मागं सुजा म्हणाली, "आई, बाबा पण घेतात."

मी बाहेर कशी गेले ते मला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती, एवढं आठवतं, कारण खडी टोचत होती. आम्हीच फोडलेली असेल. माणसांत कुजबुज झाली. एकजण म्हणाला, "बाईमाणूस कशाला आलं इथं?"

"मी इथंच राहते," मी म्हणलं. "रोज. धूर माझ्याच घरात येतो."

सुजाच्या बाबांच्या हातातनं लुगडी घेतली. ते बघतच राहिले. मी ओट्यापाशी गेले आणि ती सगळी म्हातारीच्या अंगावर परत घातली. नीट, पायापासून गळ्यापर्यंत.

"हे आमचं नाही," मी त्या मुलाला म्हणलं. "तुमच्या आईचं आहे. आईबरोबर जाऊ द्या."

ठेकेदार धावत आला. लोकांसमोर मोठ्यानं बोलता येईना म्हणून दात खाऊन बोलला. "ए बाई, काय टेन्शन हाय तुझं? कापड तुमचं ठरलंय. पगार त्याच्यावर तर लावलाय. फुकट भेटतंय ते पन नको?"

"गावात पण फुकटच भेटत होतं," मी म्हणलं. "माझ्या बापानं जाळलं ते. मढं आम्ही जाळू, राख काढू, ओटा धुवू. त्याचा पगार द्या. मढ्यावरचं नको."

आणि मग माझी नजर वहिनींच्या मालकांवर गेली. पडद्यामागं जे वाक्य गिळलं होतं ते आपोआप वर आलं.

"साहेब, तुमच्या आईंचं हिरवं लुगडं. लाल काठाचं. ते तुम्ही इथंच आमच्या हातात दिलं होतं. घ्या, तुमचंच आहे, म्हणाला होतात. घरी वहिनींना सांगितलं का? त्यांना वाटतं ते आईंबरोबर गेलं. माझ्या पोरीनं ते चोरलं नाही."

साहेब खाली बघायला लागले. पांडूदादा वखारीतनं आला. त्याच्याकडं आदल्या मयतीतलं एक कापड खुंटीला होतं, ते त्यानं आणलं आणि ओट्याच्या कडेला ठेवलं. "माजा पन नको," म्हणाला. "जमिनीच्या टायमाला गप बसलू, तो पुरे झाला."

मी सुजाच्या बाबांकडं बघायला भीत होते. खोली गेली होती, हे त्यांना कळलं होतं. ते खाली वाकले, एक ओंडका उचलला, आणि लुगड्यांवर ठेवला. मग दुसरा. मुलाला म्हणाले, "चला साहेब. अग्नी द्या."

मागून त्यांनी मला एवढंच विचारलं, "आता कुठं?" मी म्हणलं, बघू.

बाजेखालची गोधडी मी त्याच दुपारी आणली. दुसरा ओटा रिकामा होता. तिथं नेऊन पेटवली. मऊ कापड भसाभस जळतं. सुजा माझ्या बाजूला उभी होती, पण हात धरला नव्हता तिनं.

सोमवारी मी सुजाला घेऊन तिच्या वर्गात गेले. बाईंना विचारलं, दोन शब्द बोलू का. त्या घाबरल्या, पण हो म्हणाल्या. मी फळ्यापुढं उभी राहिले. समोर एवढीएवढी पोरं.

"तो परकर मी शिवला होता," मी म्हणलं. "स्मशानातल्या लुगड्याचा. सुजातानं न विचारता घातला नव्हता. मी खोटं बोलले, आणि खोटं बोलून तिलाच मारलं. तिची काही चूक नव्हती."

सुजा आपल्या बाकावर जाऊन बसली. तुम्हाला वाटेल, कुणीतरी तिच्या शेजारी येऊन बसलं. नाही. वर्ष संपेपर्यंत त्या बाकावर ती एकटीच होती. पण शाळा तिनं बुडवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढं येऊन पाठ करून बसली. हातात फणी. मी वेणी घातली.

नवा माणूस मिळेपर्यंत ठेकेदारानं कसंबसं चालवून घेतलं, आणि शाळेचं वर्ष संपलं तशी खोली खाली करायला लावली. आम्ही तळोज्याला गेलो. ह्यांना एका कारखान्यात वॉचमनचं काम मिळालं, मी इमारतींवर विटा वाहिल्या. परत झोपडी, परत पावसाळे. उन्हाळ्यात निरोप आला, बा गेला. मी पोचले तोवर राख सावडून झाली होती. भावाला पहिलं काय विचारलं असेल मी? अंगावर काय होतं, हे विचारलं. तो म्हणाला, नवं पांढरं कापड घातलं होतं, ते त्याच्याबरोबरच गेलं. मग म्हणाला, "शेवटी शेवटी एकच विचारायचा. सुजीच्या मायनं शाळेत सांगितलं का रं, म्हणून. मला काय ठाऊक तो कशाबद्दल बोलतो. मी म्हणायचो, सांगितलं असंल."

मी सांगितलं होतं. महिने झाले होते सांगून. बाला कळवायचं तेवढं राहिलं होतं. तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून राहिलं. आता ही गोष्ट मी कुणाला सांगू? ह्याची माफी देणारा माणूसच राहिला नाही, आणि दुसऱ्या कुणाची मला नको आहे.

आमच्या जागी त्या खोलीत कोकणातलं एक कुटुंब आलं. आमच्यातलंच. मी मुद्दाम गेले होते भेटायला. बाई सुई घेऊन बसली होती, मांडीवर लाल लुगडं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "तुमचं काय जातंय बोलायला? तुमची खोली गेलीच आहे. माझी आहे अजून." मी परत आले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. मग ऐरोलीकडं नवं स्मशान उघडलं, तिथं गेले. जिथं जिथं नवा सेक्टर उठला तिथं सगळ्यात शेवटी स्मशान बांधलं, आणि प्रत्येक स्मशानात कुणीतरी आमच्यातलाच माणूस दाराच्या कडीवर हात ठेवून उभा होता. शहर नवं, आखणी नवी, आणि कापडाची वाटणी तीच जुनी. मी जातेच. पाय चालतात तोवर जाणार. कुणी ऐकतं, कुणी हाकलतं. मला हाकललेलं चालतं.

सुजाता आता शिकवते. माझ्या हातचं सगळं खाते, पण गोधडी पांघरत नाही. मी नव्या कापडाची शिवली तरी नाही. मी तिला आग्रह करत नाही.

तिला मी सांगून ठेवलंय आणि तुम्हालाही सांगते. मी मेले की माझ्या अंगावर एकच कापड घालायचं. पांढरं, दुकानातलं, तुमच्या कमाईचं. ते माझ्याबरोबर जाळायचं. रिवाज आहे म्हणून कुणी काढायला लागला तर त्याचा हात धरायचा. आणि ओट्यापाशी जो माणूस उभा असेल, त्याच्यापुढं ते धरून "घ्या, तुमचं" म्हणायचं नाही. तो माझा बाप आहे असं समजायचं, आणि त्याच्या तोंडाकडं बघून त्याचा पगार द्यायचा.